भीती वाटणे म्हणजे विश्वास नसणे आहे काय?

प्रश्न: ऐरोलीहून एक भगिनी

सर्वांना प्रभूमध्ये सलाम. एक प्रश्न गेले दोन महिने माझ्या मनात घर करून बसला आहे. तो आमच्या मंडळीत उघडपणे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही, म्हणून येथे लिहीत आहे.

आम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले, तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. लग्नानंतर, म्हणजे एकोणीस वर्षांपूर्वी, मी ऐरोलीत आले. माझे यजमान तुर्भ्याला नोकरी करतात. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये कामावरून परतताना ठाण्याकडे येणाऱ्या लोकलमध्ये त्यांना हृदयविकाराचा झटका आला. सहप्रवाशांनी त्यांना कोपरखैरणे स्थानकावर उतरवले, रिक्षाने इस्पितळात पोहोचवले आणि त्याच रात्री अँजिओप्लास्टी होऊन दोन स्टेंट बसवण्यात आले. ते वाचले, काही आठवड्यांनी कामावरही जाऊ लागले, आणि आम्ही दोघांनी मंडळीपुढे उभे राहून साक्ष दिली. ती साक्ष खोटी नव्हती.

परंतु त्या दिवसापासून माझ्यातले काहीतरी थाऱ्यावर नाही. ते रोज साधारण सव्वाआठला घरी येतात. साडेआठ वाजून गेले की माझे हात गार पडतात आणि तव्यावरची पोळी करपेपर्यंत मला भान राहत नाही. फोन वाजला तर तो उचलण्यापूर्वीच मला पलीकडून अनोळखी माणसाचा आवाज ऐकू येऊ लागतो, कारण त्या दिवशी फोन त्यांच्याच नंबरवरून आला होता आणि बोलणारा माणूस मात्र अनोळखी होता. रात्री त्यांचा श्वास नीट चालू आहे ना, हे पाहायला मी दोन-तीनदा उठते.

हे मी भगिनींच्या प्रार्थनासभेत सांगितले, तेव्हा मला आत्यासारख्या असलेल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी बायबलमधील प्रकटीकरण या पुस्तकाचा एकविसावा अध्याय उघडून आठवे वचन वाचले. अग्नीच्या सरोवरात ज्यांचा वाटा आहे त्यांच्या यादीत खुनी आणि लबाड यांच्याही आधी, अगदी पहिले नाव भेकडांचे आहे आणि त्याला लागूनच विश्वास न ठेवणाऱ्यांचे. त्या म्हणाल्या, "बाळ, भीती आणि विश्वास एका घरात राहत नाहीत." त्यांनी हे रागाने म्हटले नाही, माझा हात हातात धरून म्हटले, आणि म्हणूनच ते जास्त लागले.

तेव्हापासून प्रभुभोजनाच्या दोन रविवारी मी मागच्या बाकावर बसून राहिले, भाकरीसाठी पुढे गेले नाही. माझा प्रश्न एवढाच आहे की, जिने देवाचे उपकार डोळ्यांनी पाहिले तिला तरीही रोज संध्याकाळी भीती वाटत असेल, तर तिचा विश्वास खरा म्हणता येईल का?


उत्तर १: निवृत्त पाळक, कोपरी, ठाणे पूर्व

भगिनी, आपण जे वचन ऐकून मागच्या बाकावर जाऊन बसलात, त्याच वचनापासून सुरुवात करतो, कारण ते बाजूला सारून दिलेले सांत्वन आपल्याला टिकाऊ वाटणार नाही.

'भेकड' असे ज्याचे भाषांतर झाले आहे तो मूळ ग्रीक शब्द 'देइलोस' असा आहे. नव्या करारात भीतीसाठी सर्रास येणारा शब्द 'फोबोस' आहे आणि तो बऱ्यावाईट दोन्ही अर्थांनी वापरला जातो. 'देइलोस' हा शब्द मात्र संपूर्ण नव्या करारात केवळ तीन ठिकाणी येतो. ग्रीक भाषेत तो मैदान सोडून पळणाऱ्या, आपल्या माणसांना ऐन वेळी टाकून जाणाऱ्या मनुष्याचे वर्णन करतो. प्रकटीकरण हे पुस्तक आशिया या रोमन प्रांतातील (आजच्या तुर्कस्तानातील) ज्या सात मंडळ्यांना लिहिले गेले, त्यांच्यापुढे सम्राटाला देव मानण्याचा दबाव उभा होता. हा दबाव पुढे कोणत्या थराला गेला, ते इ. स. ११२ च्या सुमारास शेजारच्या बिथुनिया प्रांताचा सुभेदार प्लिनी याने सम्राट त्रायानाला पाठवलेल्या पत्रात स्पष्ट दिसते: आरोपीने सम्राटाच्या प्रतिमेपुढे धूप व द्राक्षारस वाहावा आणि ख्रिस्ताला शाप द्यावा, म्हणजे तो सुटला. आठव्या वचनाच्या लगेच आधी, सातव्या वचनात, 'जो विजय मिळवतो' त्याला वारसा मिळेल असे म्हटले आहे. भेकड तो त्याच्या उलट, म्हणजे स्वतःचा जीव वाचवण्यासाठी प्रभूला नाकारणारा आणि बहुधा आपल्या भावाबहिणींनाही दगा देणारा. नवऱ्याची गाडी उशिरा आली म्हणून जिचे हात गार पडतात ती बाई या यादीत कोठे बसते, हे मला चाळीस वर्षांच्या सेवेनंतरही सापडत नाही.

आता उरलेली दोन ठिकाणे पाहा, कारण मुख्य गोष्ट तेथेच आहे. तोच शब्द मत्तय ८:२६ आणि मार्क ४:४० या शुभवर्तमानांतील वचनांत, सरोवरातल्या वादळाच्या प्रसंगी, प्रत्यक्ष येशूच्या तोंडी आहे, आणि तो बारा शिष्यांना उद्देशून आहे. गालील सरोवर समुद्रसपाटीपासून सुमारे २१० मीटर खाली, डोंगरांच्या खोलगट भागात आहे, त्यामुळे डोंगरावरून उतरणारा वारा त्यावर अचानक कोसळतो. १९८६ मध्ये त्याच सरोवराच्या गाळातून पहिल्या शतकाच्या सुमाराची एक होडी निघाली, ती जेमतेम आठ मीटर लांब आणि सव्वादोन मीटर रुंद आहे. अशा होडीत रात्रीच्या वेळी पाणी भरू लागले तेव्हा शिष्य घाबरले, आणि त्यांच्यातले कित्येक तर त्याच पाण्यावर वाढलेले कोळी होते, म्हणजे धोका किती खरा आहे हे त्यांना कोणी सांगण्याची गरज नव्हती. येशूने त्यांना 'देइलोस' म्हटले हे खरे. परंतु त्यांना होडीतून उतरवले नाही, आणि मार्कच्या वृत्तांतात तर त्यांची हाक ऐकून वाऱ्याला आधी धमकावले, शिष्यांना बोलला ते नंतर. पलीकडच्या काठावर उतरला तोही त्यांनाच घेऊन.

शेवटी प्रभुभोजनाविषयी. पहिले प्रभुभोजन ज्यांच्या हातावर ठेवले गेले ते सगळे त्याच रात्री पळून गेले, आणि ते पळणार हे त्याने मेजावरून उठल्यावर लगेच त्यांना सांगितलेही होते. ज्याने जाणूनबुजून अशा माणसांना भाकरी दिली, तो आपल्याला मागच्या बाकावर बसवणार नाही. येत्या वेळी पुढे जा.


उत्तर २: घणसोलीचा एक वाचक

पाळकसाहेबांविषयी पूर्ण आदर ठेवून लिहितो की, येथे एक बाजू सुटते आहे असे मला वाटते. होडीतला तो प्रश्न शेवटी ठपकाच आहे. तुम्हांला अजून विश्वास कसा नाही, असे येशूने विचारले याचा अर्थ त्याला त्या भीतीत काहीतरी खटकले. शास्ते या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात तर देव इस्राएलाचा सेनानायक गिदोन याला सांगतो की, जो कोणी भयभीत असेल त्याला घरी पाठव, आणि बावीस हजार माणसे परत जातात. भीतीने काहीच बिघडत नसते तर ही आज्ञा कशासाठी दिली असती?

मी हे वाद घालण्यासाठी लिहीत नाही. माझा मोठा मुलगा तापाने गेला त्याला अकरा वर्षे झाली. त्यानंतर धाकटीला मी सहलीला पाठवले नाही, पोहायला शिकू दिले नाही, आणि बारावीनंतर तिला पुण्याला चांगल्या महाविद्यालयात जागा मिळाली असताना ती सोडायला लावली. प्रत्येक वेळी मी स्वतःला सांगत होतो की, ही बापाची माया आहे. एके दिवशी ती मला म्हणाली, "पप्पा, तुम्ही प्रार्थना देवाची करता आणि ऐकता मात्र भीतीचे." त्या दिवशी मला कळले की, भीती नुसती वाटणे आणि भीतीला घराचा कारभार देणे, या दोन गोष्टी सारख्या नाहीत. म्हणून भगिनींना विनंती आहे की, भीतीची लाज बाळगू नका, पण तिला खुर्ची देऊन बसवूही नका.


उत्तर ३: निवृत्त पाळक, कोपरी

आपल्या दुःखापुढे मी नतमस्तक आहे आणि आपली दुरुस्ती मान्य करतो. ठपका आहे, तो पुसून टाकता येणार नाही. मात्र तो कोणत्या गोष्टीबद्दल आहे, हे पाहावे. शिष्य त्याला उठवून नुसते 'वाचवा' म्हणत नाहीत. मार्कच्या वृत्तांतात ते विचारतात की, आपण बुडत आहोत याची तुम्हांला काळजी नाही काय. माझ्या समजुतीप्रमाणे येशूला वादळाची भीती खटकली नाही, त्याच्या प्रेमाविषयीचा हा संशय खटकला. आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या नजरेतून निसटते: मार्क वादळात शिष्यांच्या बाबतीत 'फोबोस' हा शब्द वापरतच नाही. वारा पडून सर्व निवांत झाल्यानंतर, हा आहे तरी कोण, असे जेव्हा ते एकमेकांना विचारू लागतात, तेव्हा तो लिहितो की, त्यांना मोठे भय वाटले. म्हणजे विश्वास आल्यावर भय नाहीसे झाले असे नाही, त्याचा रोख बदलला.

गिदोनाचे उदाहरण आपण काढलेत हे बरे झाले, कारण त्याच अध्यायाचे दहावे वचन फार थोड्या वेळा वाचले जाते. भयभीतांना घरी पाठवून झाल्यावर देव स्वतः गिदोनालाच म्हणतो की, तुला एकट्याने छावणीत उतरण्याची भीती वाटत असेल, तर तुझा सेवक पुरा याला बरोबर घेऊन जा. आणि गिदोन पुराला घेऊन गेला! हा तोच गिदोन आहे, जो सहाव्या अध्यायात मिद्यानी लोकांच्या भयाने द्राक्षकुंडात लपून गहू झोडत होता. घरी गेलेल्या बावीस हजारांनाही कोठे शाप दिलेला नाही. परंतु ज्याच्यावर काम सोपवायचे होते त्याची भीती देवाने आधी मान्य केली आणि तिच्यासाठी सोबतीची तजवीज केली, ही गोष्ट मला दर वेळी थक्क करते.

येशूने पकडले जाण्यापूर्वी जेथे प्रार्थना केली त्या गेथशेमाने बागेचा उल्लेख मी पहिल्या उत्तरात करायला हवा होता. तेथे प्रत्यक्ष प्रभूला मरणाचे भय वाटले. तो व्याकूळ झाला, दुःखाचा प्याला टळावा अशी त्याने एकदा नव्हे तर पुन्हा पुन्हा विनवणी केली, आणि इब्रीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात लिहिले आहे की, त्याने मोठा आक्रोश करून अश्रू गाळले. हा प्रसंग प्राचीन मंडळीने लाजेने झाकला नाही, उलट त्यावर शतकानुशतके विचार केला. सातव्या शतकातील मठवासी माक्सिमस यांनी असे मांडले की, मरणापासून मागे सरणे हे जिवाच्या ठायी निर्माणकर्त्यानेच ठेवलेले आहे, म्हणून ती निसर्गातली भीती आहे आणि तिच्यात पाप नाही, आणि ख्रिस्त खरा मनुष्य असल्यामुळे ती त्यालाही होती. ख्रिस्ताला मनुष्याचीही इच्छा होती या शिकवणुकीपायी त्यांनी हद्दपारी भोगली, त्यांची जीभ आणि उजवा हात छाटण्यात आला, आणि ६६२ मध्ये ते परक्या मुलखात मरण पावले. पुढे ६८०-८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मपरिषदेने ख्रिस्ताच्या ठायी देवाची आणि मनुष्याची अशा दोन इच्छा आहेत हे मान्य केले, तेव्हा बागेतली तीच प्रार्थना आधारासाठी पुढे होती. भीती हे अविश्वासाचे लक्षण मानले, तर तो आरोप आपण कोणावर करीत आहोत, याचा विचार प्रत्येकाने करावा.


उत्तर ४: नेरूळहून एक परिचारिका

मी धर्मशास्त्र शिकलेले नाही. हृदयरोग्यांच्या वॉर्डात मात्र अठरा वर्षे काम केले आहे, म्हणून तेवढ्यापुरते लिहिते. ताई, रुग्ण बरा होऊन घरी जातो आणि त्याची पत्नी आजारी पडते, हे आम्ही नेहमी पाहतो. तिला कोणी विचारीत नाही, कारण सगळे त्याच्या जेवणातले मीठ मोजण्यात गुंतलेले असतात. हात गार पडणे, छातीत धडधडणे, झोप मोडणे, फोनच्या आवाजासरशी तोच प्रसंग पुन्हा घडत असल्यासारखे वाटणे, ही त्या धक्क्याची शरीरात राहिलेली खूण आहे. शरीराला धोक्याची चाहूल लागली की अ‍ॅड्रेनलिन रक्तात उतरते, कातडीकडचा रक्तपुरवठा कमी होतो आणि हात थंड पडतात. हे व्हायला प्रार्थना किती केली याची शरीर वाट पाहत नाही.

राजे या पहिल्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात संदेष्टा एलीया जीव घेऊन पळतो आणि झुडपाखाली पडून मरण मागतो. कर्मेल डोंगरावर अग्नी उतरलेला पाहून त्याला फार काळ लोटलेला नव्हता, म्हणजे उपकार डोळ्यांनी पाहिलेल्या माणसालाच हे झाले. देवदूताने त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई त्याच्या उशाशी ठेवली, त्याला पुन्हा झोपू दिले, आणि दुसऱ्यांदा उठवून सांगितले की, खा, कारण वाट तुला झेपणार नाही. मला तो देवदूत नेहमी रात्रपाळीच्या नर्ससारखा वाटतो.

म्हणून माझी विनंती आहे की, एखाद्या समुपदेशकाला किंवा मानसोपचारतज्ज्ञाला एकदा अवश्य भेटा. घराबाहेर पडणे जमत नसेल, तर केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि मराठीतही बोलता येते. यजमानांच्या रक्तदाबाच्या गोळीला आपण अविश्वास म्हणत नाही, तर आपल्या उपचारालाही म्हणू नये. शिवाय यजमानांशी मोकळेपणी बोला. पुष्कळ घरांत त्यालाही तितकीच भीती वाटत असते आणि दोघे एकमेकांपासून ती लपवीत असतात.


उत्तर ५: ठाण्याच्या कॅथलिक मंडळीतून एक शिक्षक

आमची परंपरा थोडी निराळी असली, तरी या प्रश्नाला ठाण्याच्याच मातीत एक उत्तर पुरलेले आहे, असे मला वाटते.

१३२१ मध्ये चीनकडे निघालेले चार फ्रान्सिस्कन संन्यासी, तोलेन्तिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि देमेत्रियस, ठाण्याच्या बंदरात उतरले आणि येथील सीरियन परंपरेच्या ख्रिस्ती कुटुंबात राहिले. त्याच वर्षी त्या चौघांना येथे ठार मारण्यात आले. ही कथा आम्ही लहानपणापासून ऐकतो आणि ती ऐकून शौर्याचेच स्मरण होते. परंतु त्यांच्याबरोबर आलेले पाचवे गृहस्थ, डोमिनिकन संन्यासी जॉर्डन, त्या दिवशी ठाण्यात नव्हते. सेवेच्या कामासाठी उत्तरेकडे गेले होते, आणि परतले तेव्हा त्यांच्या वाट्याला सोबत्यांचे दफन आले. ते त्यांनी सोपाऱ्याला, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याला केले.

नंतर जॉर्डन या किनाऱ्यावर एकटे राहिले आणि १३२४ च्या जानेवारीत त्यांनी ठाण्याहून आपल्या बंधुवर्गाला पत्र लिहिले. ते आजही उपलब्ध आहे आणि त्यात शौर्याचा आव कोठेही नाही. आपण अनाथ झालो, सोबत्यांपासून दूर झालो ती घटका दुर्दैवी होती, चाच्यांनी पकडले, तुरुंगात टाकले, ताप आणि भूक सोसली, असा तो विलाप आहे, आणि शेवटी एकच मागणे आहे की, माझ्याकडे कोणीतरी पाठवा. हे लिहिणारा माणूस त्या पत्राच्या क्षणीही काम सोडून गेलेला नव्हता. १३२९ मध्ये पोप बाविसावे योहान यांनी त्यांना कोल्लमचे बिशप नेमले.

माझी आई शेवटच्या आजारात होती तेव्हा मी रोज शाळा सुटल्यावर मासुंदा तलावाजवळच्या संत जॉन बाप्टिस्ट चर्चमध्ये जाऊन बसत असे. प्रार्थनेला शब्द सुचत नसत. त्या वेळी चार हुतात्म्यांपेक्षा मला हे पाचवे गृहस्थ जवळचे वाटले, कारण मला मरणाला सामोरे जायचे नव्हते, मागे उरायचे होते. ताई, आपली भीतीसुद्धा मागे उरण्याची आहे. त्या भीतीने घाबरलेल्या माणसाने 'कोणीतरी पाठवा' असे लिहिले, तर ती मागणी म्हणजे श्रद्धाच आहे, असे मी मानतो.


पुन्हा ऐरोलीहून

सर्वांचे मनापासून आभार. उत्तरे दोन-तीनदा वाचली, यजमानांनाही वाचायला दिली. परिचारिका ताईंनी लिहिले तसेच निघाले. लोकलमध्ये ते कोपरखैरण्याच्या अलीकडे डोळे मिटून घेतात, हे मला चौदा महिन्यांनी प्रथम कळले. आम्ही दोघांनी मिळून समुपदेशकाची वेळ घेतली आहे.

दुसरे असे की, मी त्या वडीलधाऱ्या बाईंकडे गेले आणि मार्कचा चौथा अध्याय त्यांच्यासमोर वाचला. वाद घालायचा नव्हता, म्हणून ग्रीक शब्दाचे काहीच बोलले नाही, फक्त विचारले की, येशूने त्यांना होडीतून उतरवले का. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी २६ जुलै २००५ ची रात्र सांगितली. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यांचे यजमान कुर्ल्यात अडकले होते. फोन बंद, घरात लहान मुले, आणि ते परतले दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चालत. ती सारी रात्र मुलांसमोर रडू नये म्हणून त्यांनी प्रकटीकरणाचे तेच वचन स्वतःला पुन्हा पुन्हा वाचून दाखवले होते. वीस वर्षांत हे कोणाला सांगितले नव्हते. सांगताना त्यांचे हात माझ्यासारखेच गार पडले होते, ते मी धरून ठेवले.

येत्या रविवारी प्रभुभोजन आहे आणि आम्ही दोघी शेजारी बसणार आहोत. काल गाडी उशिरा आली. पावणेनऊ झाले तेव्हा मी त्या बाईंनाच फोन लावला आणि आम्ही फोनवर प्रार्थना करू लागलो. ती निम्म्यावर असताना दाराची बेल वाजली, पण त्यांनी मला प्रार्थना पुरी करूनच दार उघडायला लावले.